मैनेचा दुसरा नंबर

सांगलीहून नांदेडला कुणी निघालं, की लोक धरूनच चालतात की हा गुरुद्वाऱ्याला चालला. मीही तसंच समजू दिलं. खरं कारण सांगितलं असतं तर हसले असते. मी एका स्कूटरचा नंबर बघायला चाललो होतो. स्कूटर माझी नव्हती, आणि ती बनवणारा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली होती की त्या जागेवर आता मंगल कार्यालय उभं आहे. माझ्या ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीखाली हल्ली आचाऱ्याची पातेली घासतात.

बॅग भरता भरता बायको म्हणाली, "स्वतःच्या गाडीत हवा भरायला तुम्हाला आठवडा लागतो, आणि लोकांच्या गाडीसाठी पार मराठवाडा." तिचं खरं होतं, म्हणून मी बॅगेची चेन ओढली.

त्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. आमच्या स्कूटरचं नाव मैना. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: छोटी चाकं, पुढे पाय ठेवायला सपाट जागा, गिअर नाही, क्लच नाही. बटण दाबायचं, मूठ पिळायची आणि निघायचं. त्या वेळच्या बाजारातल्या दणकट स्कूटरींपुढे ती शेळीएवढी दिसायची. पुरुषमाणसं हसायची, पण ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

मालकांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो. नवा नमुना तयार झाला की आप्पा अंगण झाडणाऱ्या सगुणाबाईंना हाक मारायचे, त्यांच्या एका हातात भाजीची पिशवी द्यायचे आणि म्हणायचे, "बाई, गाडी स्टँडला लावा." बाईंना जमलं नाही तर आमची महिन्याची मेहनत पुन्हा कागदावर. एकदा मी वैतागून विचारलं, "आप्पा, आपण इंजिनिअर आहोत की सगुणाबाईंचे नोकर?" ते म्हणाले, "पगार मी देतो हे खरं, पण गाडी त्यांनी उचलायची आहे."

आप्पा शिकलेले इंजिनिअर नव्हते. त्यांच्या वडिलांचा धंदा शिलाई मशीन भाड्याने देण्याचा. लग्नसराईला शिंपी मशीन न्यायचे आणि हंगाम सरला की परत आणून द्यायचे. त्यातला एखादा बेरकी शिंपी आपल्या मशीनचं झिजलेलं मुंडकं भाड्याच्या मशीनवर चढवायचा आणि चांगलं ठेवून घ्यायचा. म्हणून वडिलांनी प्रत्येक मशीनवर दोन ठिकाणी नंबर ठोकायला सुरुवात केली. एक दिसेल असा, दुसरा कुणाला सापडणार नाही असा. आप्पा लहानपणापासून ते ठोकत आले. पुढे त्यांनी सायकलचे कॅरिअर केले, मग मोपेडचे सुटे भाग, मग मैना. धंदा बदलला पण खोड गेली नाही. मैनेच्या सांगाड्यावर एक नंबर नेहमीच्या जागी असायचा. त्याचे शेवटचे सहा आकडे पुन्हा एकदा बॅटरीच्या डब्याखाली ठोकले जायचे, आणि वर पत्रा ठेवून चार रिबिटं मारली जायची. ही दुसरी जागा मी एकाही ड्रॉइंगवर दाखवली नाही. ते मला डिझाइन वाटतच नव्हतं.

आता माझ्या पापाकडे येतो. शेवटच्या दोन वर्षांत मोठ्या कंपन्यांनी आम्हाला भिंतीला टेकवलं, तेव्हा वेळ वाचवण्यासाठी काय काय काढता येईल याचा कागद मी तयार केला. सात कलमं होती. पहिलंच कलम, दुसरा नंबर बंद, पत्रा तेवढा बॅटरी टेकायला राहू द्यायचा. पुढे कारण लिहिलं होतं, "ही डिझाइनची गरज नसून शिंप्याच्या दुकानातली सवय आहे." आप्पांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली. दीड वर्षाने कारखाना बंद झालाच. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. माझ्या घरापासून चौथ्या गल्लीत राहतात, नव्वदीला आलेत. याला लाज म्हणा नाही तर हट्ट म्हणा, मला नक्की सांगता येणार नाही.

नांदेड

इस्माईलभाईंशी माझी ओळख फोनवरची. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी कुठून तरी माझा नंबर काढला. वर्षातून दोन-तीनदा फोन यायचा, "साब, मैनेच्या पट्ट्याची रुंदी किती?" मी सांगायचो. मग ते दुसऱ्या कुठल्या गाडीचा जवळपासचा पट्टा शोधून बसवायचे. नांदेड-लातूर भागातल्या उरल्यासुरल्या मैना या एका माणसाच्या जिवावर चालत होत्या. तोंड मात्र पाहिलं नव्हतं. आवाजावरून मी स्टेशनवर उंच, भरदार माणूस शोधत होतो. पुढे आले ते माझ्या खांद्याला लागणारे साठीतले गृहस्थ. माझी बॅग त्यांनी न विचारता घेतली आणि दुकान येईपर्यंत परत दिली नाही.

आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार ना?" असं विचारतात, आणि काय उत्तर द्यायचं हे पाहुण्यालाही ठाऊक असतं. इथे प्रश्नच नव्हता. जुन्या नांदेडातल्या त्यांच्या दुकानामागेच घर. सकाळी साडेआठला माझ्यापुढे पिवळी खिचडी आली, वर तळलेला पापड आणि शेजारी वाटीत खट्टा, म्हणजे चिंच, तीळ आणि कांद्याचं आंबट पातळ कालवण. सांगलीत सकाळी साडेआठला भात खाल्ला तर शेजारी तब्येत विचारायला येतील. मी भीत भीत सुरुवात केली आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं. इस्माईलभाई स्वतः मात्र जेवेनात, ताटात बोटं फिरवत होते.

"साब, फोनवर सगळं बोललो नव्हतो," ते म्हणाले. "नंबर गंजला असं बोललो. गंजला होता, पण इतका नव्हता. ग्राइंडर मीच मारला."

मग सगळी हकिकत आली. गाडी मुखेडच्या शमीमआपांची. त्या मणेरीण, म्हणजे गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरतात. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक आणि आखूड. सासर लातूरचं, म्हणून गाडीची नोंद लातूरला. नवरा गेल्यावर त्या भावाकडे मुखेडला आल्या. गाडी जुनी, त्यामुळे दर पाच वर्षांनी लातूरला नेऊन तपासून घ्यावी लागते. तपासणारे साहेब सांगाड्यावरच्या नंबरावर कागद धरतात, पेन्सिल घासतात आणि छाप उमटवून घेतात. इस्माईलभाईंनी तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी धुतली, पुसली, रंगवली.

"नंबरावर जरा गंज दिसला. मी बोललो, चमकू दे. साहेबाला चष्मा लावायची बारी येऊ नये. एकच हात मारला, साब. एकच. शेवटचे तीन आकडे गेले."

दुसरा कुठला मिस्त्री असता तर त्याने तो गंज तसाच ठेवला असता आणि गाडी पास झाली असती. यांनी फार काळजी घेतली, तिथेच सगळं बिघडलं.

लातूरच्या साहेबांना आकड्यांऐवजी ग्राइंडरचे ओरखडे दिसले. चोरीच्या गाडीचे नंबर असेच घासतात. ते शमीमआपांना म्हणाले, "ताई, मला तुम्ही चोर वाटत नाही. पण मी हे पास करू शकत नाही. महिनाभरात कंपनीचा माणूस आणि पुरावा आणा. नाही तर मला वर कळवावं लागेल आणि गाडी इथे ठेवून घ्यावी लागेल."

इस्माईलभाईंनी मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "साब, मैनेवर अजून कुठं नंबर असतो का?" मी म्हणालो, "असतो. मी येतो." हे अर्धंच खरं होतं. शमीमआपांची गाडी अगदी शेवटच्या लॉटमधली. माझा कागद त्याच्या आधीचा.

मुदखेड, आणि मग मुखेड

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई हत्यारांची पेटी घेऊन मोटारसायकलवर पुढे गेले. माझी पाठ तेवढी शाबूत नसल्यामुळे मी एसटीने निघालो. आयुष्यभर ड्रॉइंगं वाचलेला माणूस पाटी काय कुणाला विचारणार? बसवरची पाटी मी स्वतः वाचली, खिडकीची जागा धरली, आणि "शेवटपर्यंत एक" असं ऐटीत सांगून तिकीट काढलं. तासाभरात गाडी रिकामी झाली.

"उतरा की काका," कंडक्टर म्हणाला.

"इतक्या लवकर आलं मुखेड?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "हे मुदखेड हाय. मुखेड पार दुसऱ्या अंगाला. लई जण येतात असे. मागल्या हप्त्यात एक नवरदेवाचा मामा आला होता." मग त्यानेच मला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि त्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, "ह्यांना नांदेडला मुखेडच्या गाडीत घालून दे रे, पाटी वाचू देऊ नको." मामाचं काय झालं ते विचारायचं राहिलं.

त्यामुळे मुखेडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाटेत काळ्या रानात ज्वारी उभी होती आणि मध्ये मध्ये करडई पिवळीकेशरी फुललेली. आमच्याकडे उसाने सगळं शिवार एका रंगाचं करून टाकलंय. करडईचं फूल मी किती वर्षांनी पाहिलं. शमीमआपा माझी वाट बघून शेवटी कामावर गेल्या होत्या, कारण लग्नघर थांबत नाही. इस्माईलभाईंनी मला मागे बसवून त्या गावाला नेलं. पाठीचा विचार कुणी केला नाही.

अंगणात चटई टाकून बायकांचा घोळका बसला होता. मध्ये शमीमआपा, पन्नाशीच्या, डावा पाय बाजूला लांब केलेला. समोर नवरी हात पुढे करून बसलेली. आपा तिचा हात नुसता दाबत होत्या, अंगठ्याखालचं हाड आत घेत होत्या, आणि काचेची हिरवी बांगडी जणू आपण होऊन मनगटात जात होती. मी मोजमापाचा माणूस. त्या बांगडीचा घेर आणि त्या हाताची रुंदी यांचं गणित मला तरी जमत नव्हतं. एक बांगडी कटकन तुटली. सगळ्याजणी क्षणभर थांबल्या. "वाढली," आपा शांतपणे म्हणाल्या आणि दुसरी घेतली. बांगडी फुटली असं लग्नघरात म्हणत नाहीत, हे आमच्याकडेही तसंच आहे. तेवढ्याने मला उगीच ओळखीचं वाटलं.

नवरीची आई कौसाबाई मला म्हणाली, "तुमीच का ते कंपनीवाले? मग हिची गाडी कामून आडवून ठिवली? आज भावाच्या फटफटीवर आली बिचारी. डबा मांडीवर. दोन डझन बांगड्या रस्त्यातच वाढल्या."

"कंपनीनं न्हाई अडवली, कौसाबाई," आपा मान खाली घालूनच म्हणाल्या. "माझी गाडी धक्का देत न्हाई, साहेब. गिअर न्हाई ना. डबा पायाशी ठेवला की पाणीसुद्धा हिंदळत न्हाई. दुसरी घे म्हनतात सगळे. घेऊन बघितली दुकानात. मला स्टँडला लागत न्हाई ती. एका पायावर किती जोर येनार?"

कौसाबाईने जाताना त्यांच्या ओटीत ज्वारी, नारळ आणि खण घातला. मला सांगितलं, "आमच्या सासूला हिच्या आईनं भरल्या, मला हिनं भरल्या. दुसऱ्या कुनाच्या हातचा चुडा आमच्यात चालत न्हाई. पन हे गाव एसटीच्या रस्त्यावर न्हाई, बगा. गाडी न्हाई तर ही यायची कशी?"

दिवस मावळायच्या आधी आम्ही आपांच्या घरी आलो. पडवीत मैना उभी होती, वर चादर घातलेली. चादर काढली आणि मला बरं वाटलं. आपलं काम इतकी वर्षं कुणी सांभाळलेलं पाहणं, हे सुख मला कारखान्यात कधी मिळालं नव्हतं. इस्माईलभाईंनी लगेच सीट काढली, बॅटरी काढली, टॉर्च मारला. खाली पत्रा, पत्र्याला चार रिबिटं, सगळ्यावर कारखान्यातला मूळचा लाल रंग. कुणीही हात न लावलेला.

"इतकी वर्षं मी ही बॅटरी बदलतो," ते म्हणाले, "पण रिबिटं कोण कामून काढंल? साब, दहा मिनटं. आताच उघडतो."

"थांबा," मी म्हणालो. "आज उघडलं आणि खाली नंबर सापडला, तर उद्या साहेब म्हणतील काल रात्री तुम्हीच ठोकला. ही न उघडलेली रिबिटं हाच आपला पुरावा आहे. उघडायचं तर त्यांच्या डोळ्यांसमोर."

"मग बरोबर हाय. उद्या नेऊ लातूरला."

आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी चटईवर बसलो आणि सगळं सांगितलं. शिंपी, दोन नंबर, माझा कागद, आप्पांची सही. "आपा, तुमची गाडी त्या कागदानंतरची आहे. माझ्या समजुतीप्रमाणे याच्याखाली काहीच नाही. साहेबांसमोर उघडलं आणि कोरं निघालं, तर गाडी तिथेच राहील. हे मी फोनवरच सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

इस्माईलभाईंनी टॉर्च बंद केला. मग आपांना म्हणाले, "नको नेऊस. खेड्यापाड्यात कोण बघतंय? अशीच चालव. लई जण चालवतात."

आपांनी ज्वारीचं गाठोडं उचलून आत ठेवलं, बाहेर आल्या, पडवीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"मी कुनाच्याबी घरात चोरून जात न्हाई," त्या म्हणाल्या. "लग्नघरात बोलावतात मला. उद्या रस्त्यात कुनी अडवलं आन चोरीची गाडी म्हनलं, तर कोन नवरीचा हात देईल माझ्या हातात? न्हाई इस्माईलभाई. काय निघायचं ते साहेबासमोर निघू दे."

माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला तहरी वाढली, मसाल्याचा गरम भात, आणि वर दही घेणार का ते विचारलं नाही, घातलंच.

लातूर

सकाळी टेम्पोत मैना बांधली. इस्माईलभाई तिला धरून मागे बसले, आपा आणि मी पुढे. शिरूर ताजबंदला चहा, अहमदपूरला गाडीत हवा, आणि चाकूरच्या पुढे आपा एकदाच बोलल्या, "साहेब, तुमचे मालक कसे हायत स्वभावानं?" मी म्हणालो, "कमी बोलतात." त्यावर त्यांनी मान हलवली.

लातुरात ऑफिस उघडायला वेळ होता म्हणून टपरीवर सुशीला खाल्ली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-शेंगदाण्याची फोडणी देतात, तिला हे नाव. सांगलीच्या माणसासमोर कुणी चुरमुरे पाण्यात बुडवतं, हे बघवत नाही. आमच्याकडे भडंगाला वाफ लागली तरी घरात भांडण होतं. पण चव चांगली होती, हे कबूल करतो. एरवी मी आणखी एक प्लेट घेतली असती. त्या दिवशी पहिलीच अर्धी ठेवली.

साहेब पस्तिशीचे, चेहऱ्याने दमलेले, वागायला सरळ. माझं जुनं ओळखपत्र त्यांनी उलटसुलट पाहिलं. मी दुसऱ्या नंबराची कथा सांगितली. माझ्या कागदाचंही सांगितलं, कारण आपांच्या समोर आता अर्धवट बोलायचं नव्हतं.

"म्हणजे तुम्हालाच खात्री नाही की आत नंबर आहे," साहेब म्हणाले.

"नाही."

"तरी आलात?"

"या आपा म्हणाल्या म्हणून आलो."

साहेबांनी आपांकडे पाहिलं, मग वाकून टॉर्चने रिबिटं बघितली, नखाने रंग खरवडून पाहिला. "रिबिटं मूळची दिसतात. उघडा."

इस्माईलभाईंनी ड्रिल लावलं. पहिलं रिबीट निघालं, दुसरं निघालं. तिसऱ्याला ते थांबले, हात पँटला पुसला आणि पुन्हा लागले. चौथं निघालं आणि त्यांनी पत्रा उचलला.

मी बघितलंच नाही. भिंतीवरची सूचना वाचत उभा राहिलो, अक्षर न अक्षर.

"आहे," साहेब म्हणाले.

गाडीचं पुस्तक मागवून त्यांनी सहाच्या सहा आकडे पडताळले. जुळले. इस्माईलभाईंनी ड्रिल खाली ठेवलं. आपांनी पदर तोंडावर धरला. मी पुढे होऊन पाहिलं. आकडे होते, पण ते आमचे नव्हते. कारखान्यातले ठसे मोठे आणि चौकोनी. हे बारीक, गोलसर, थोडे तिरके.

साहेबांच्याही ते लक्षात आलं. मुख्य नंबराचे उरलेले आकडे आणि हे आकडे त्यांनी दोनदा ताडून पाहिले. "हे ठसे वेगळे आहेत, काका. कुणी ठोकले?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "माहीत असणारा एकच माणूस आहे."

इतक्या वर्षांनी मी आप्पांना फोन केला, तो लातूरच्या त्या आवारात उभा राहून. नंबर मला पाठ होता, तो काही विसरलो नव्हतो. साहेबांनी आवाज बाहेर लावायला सांगितला.

"कोण? देशिंगकर?" आप्पांचा आवाज बारीक झाला होता. "आहात होय? मला वाटलं गाव सोडलं."

मी थोडक्यात सांगितलं. मग साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला, मला गप्प राहायची खूण केली आणि विचारलं, "आजोबा, हे ठसे तुमचे असतील तर सांगा, आकड्यांच्या आधी काही खूण आहे का?"

"आहे की. चांदणी. वडिलांच्या शिलाई मशीनची. पाच टोकांची, पण चारच उठतात. ठसा माझ्या हातून पडला होता लहानपणी, मार बसला होता त्यापायी."

साहेब गुडघ्यावर बसले. बोटाने ड्रिलचा लाल भुगा पुसला, भिंग लावलं. मीही वाकलो. आकड्यांच्या डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढी चांदणी होती, आणि तिचं एक टोक नव्हतं.

साहेबांनी कागद धरला आणि पेन्सिल घासायला घेतली. छाप उमटत गेली तशी चांदणी आधी आली आणि मग आकडे. "मी शेरा लिहितो," ते आपांना म्हणाले. "वरच्या साहेबांची सही होऊन संध्याकाळपर्यंत कागद मिळेल. गाडी घेऊन जा, ताई."

फोन अजून चालू होता. मी तो कानाला लावला. "आप्पा, मी तर हे बंद करायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. मी सही केली होती."

"मग?"

"सही कंपनीची होती. गाड्या माझ्या होत्या. सुट्टीच्या दिवशी घरून ठसे घेऊन यायचो आणि एकटाच बसायचो ठोकत. कामाला माणूस लावला असता तर तुम्हाला कळलं असतं."

"मला सांगायचं होतं. मी तो कागद मागे घेतला असता."

"त्यात तुमचं काय चुकलं होतं? वेळ वाचतच होता. तुम्ही कारखाना वाचवायला धडपडत होता, आणि मी म्हणायचं की मला वडिलांची सवय मोडवत नाही? तुम्हाला वाईट वाटलं असतं. ते जाऊ द्या. गाडी कुणाची आहे? त्यांना द्या फोन."

आपांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "सलाम दादा. मी शमीम, मुखेडची. बांगड्या भरते."

"बाई, पत्रा उघडा ठेवू नका. चार रिबिटं परत मारून घ्या. पाणी गेलं की आतून खातं."

"हाव दादा. इस्माईलभाई मारून राहिलेत."

"मग झालं," आप्पा म्हणाले आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी कागद हातात घेऊन आपांनी टेम्पोवाल्याला गाडी लगेच चढवू दिली नाही. ऑफिसच्या फाटकापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत त्या ती स्वतः चालवत गेल्या. मी आणि इस्माईलभाई मागून चालत होतो, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायचं नव्हतं.

सांगलीला मी पहाटे उतरलो. रिक्षावाल्याने पत्ता विचारला, तेव्हा मी चौथ्या गल्लीचा सांगितला. दार आप्पांनीच उघडलं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं एक वाक्य मी बरोबर आणलं होतं, पण ते तोंडातून निघायच्या आतच आप्पांनी माझ्या हातातली बॅग घेतली, बाजूला ठेवली आणि आत बघून सुनेला सांगितलं, "दोन कप टाक."